फक्त वर्गासाठी

"दहा सेकंद," आई म्हणाली आणि स्क्रीनवरची नजर न काढता माझ्यासाठी एक बोट वर केलं. मी नऊ नंबरचा आवाज लावला.

डायनिंग टेबलावर तांदळाचा डबा, डब्यावर लॅपटॉप, म्हणजे आईचा चेहरा कॅमेऱ्यात सरळ यावा. शेजारच्या खुर्चीत, कॅमेऱ्यात येणार नाही अशी, मी. हेडफोन माझ्या गळ्यात, माउस माझ्या हातात. सातवीतल्या मुलीच्या मानाने माझा हुद्दा फार मोठा आहे असं माझं तेव्हा ठाम मत होतं, आणि ते मी वर्गात सगळ्यांना सांगितलंही होतं.

लॅपटॉपमधून एक माणूस इंग्रजीत बोलू लागला. त्याच्या गावी माडांची बाग आहे, आणि घराच्या पत्र्यावर नारळ पडला की त्याची आई आधी पत्र्याला शिव्या घालते, मग नारळाला. दहा सेकंद झाले. मी थांबवलं.

"कुठला?" आईने विचारलं.

एकतीस चौकोनांतून पाच-सहा हात वर आले. शबनम मुजावरचा नेहमीसारखा पहिला. ती इस्लामपूरहून वर्गाला बसायची, तिच्या मागे भावाचं शिलाई मशीन दिसायचं आणि ती सहसा चुकायची नाही.

"फिलिपिन्स, मॅडम. पण बरीच वर्षं समुद्रावर. आणि आत बसून काम करणारा नाही, डेकवरचा. वाऱ्यात ओरडायची सवय आहे त्याला."

"बरोबर. आणि तो म्हणाला काय?"

शबनम गप्प. बाकीचे तीसही गप्प.

"बघा," आई म्हणाली. "माणूस कुठला हे ओळखायच्या नादात तो काय म्हणतोय ते सुटतं. केतकी, परत लाव."

तर हा आईचा कोर्स. लॉकडाउनमध्ये विद्यापीठाने एम.ए.च्या मुलांसाठी ऑनलाइन सुरू केलेला: जगभरातली इंग्रजी. इंग्रजी एक नसून पुष्कळ आहेत, घानाची वेगळी, सिंगापूरची वेगळी, आपली वेगळी, आणि त्यातली एकही दुसरीहून कमी दर्जाची नाही, हे आई पहिल्या तासाला सांगायची आणि शेवटच्या तासापर्यंत सांगत राहायची. बाकीच्या प्राध्यापकांकडे शिकवायला पुस्तकांतले नमुने असत. आईकडे बाबा होते.

बाबा मालवाहू जहाजावर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. बाबांचं शिक्षण दहावी, तेही गणितात दोनदा बसून. त्यांच्या जहाजावर बावीस माणसं आणि सात देश. रात्रीचं जेवण झालं की बाबा एकेकाला पकडायचे, मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरायचे आणि म्हणायचे, बोल, दोन मिनिटं, काहीही बोल, माझ्या बायकोच्या शाळेसाठी हवंय.

"शाळा नाही हो, विद्यापीठ," आई फोनवर ओरडायची.

"त्यांना युनिव्हर्सिटी म्हटलं तर घाबरतात ते. शाळा म्हटलं की बोलतात."

"आणि तुमचा आवाज कधी पाठवताय?"

"माझं काय ऐकणार तुझी पोरं? तुझं इंग्रजी खुर्चीत बसतं, मॅडम. माझं कामाला जातं."

शेवटी पाठवला त्यांनी. त्याला आम्ही एक नंबर दिला. त्यात बाबा मालाच्या तळघरात, म्हणजे जहाजाच्या पोटात, कसं उतरायचं ते सांगतात. पोटात लाकडाचे ओंडके असले की बंद झाकणाखाली लाकूड सगळी हवा खाऊन टाकतं. वरून बघितलं तर काही दिसत नाही. वास येत नाही. माणूस शिडीवरून चार पायऱ्या उतरतो आणि पडतो. म्हणून आधी हवा मोजायचं यंत्र दोरीने खाली सोडायचं. "फर्स्ट मीटर गो. देन मॅन गो," असं बाबा त्यात तीनदा म्हणतात. आईच्या वर्गाला हा नमुना फार आवडायचा. "यात काही समजायचं राहिलं का कुणाचं?" आई विचारायची. "मग हे चुकीचं कसं?"

या सगळ्याला आईने एक नियम घातला होता. प्रत्येकाने सुरुवातीला स्वतःचं नाव सांगायचं आणि एक वाक्य म्हणायचं: हा आवाज फक्त वर्गासाठी आहे. फॉर क्लास ओन्ली. कारण ही माणसं घर सोडून सहा-आठ महिने कंपनीच्या हाताखाली असतात, त्यांचं बोलणं कुठे जाईल याची त्यांना धास्ती असते. नाव आणि नंबर एका निळ्या वहीत जायचे आणि वही आईच्या कपाटात. आणि सुरुवातीचा तो तुकडा, नाव आणि ते वाक्य, कापून टाकायचं काम माझं. कापलेल्या तुकड्याला मी डोकं म्हणायचे. डोकं कापायचं, डोक्यांच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, धडाला नंबर द्यायचा. मला ते इतकं जमायला लागलं होतं की श्वासाच्या मधोमध कात्री लावायचे, कुणाला कळायचंही नाही की इथे आधी काही होतं.

"झालं," आई म्हणायची. "आता हा कुणाचा आहे ते कुणाला कळणार नाही."

नऊ नंबरवाल्याशी बाबांची खास दोस्ती. नारळ आमच्या रत्नागिरीचा चांगला की त्याच्या बेटावरचा, यावर दोघं भांडायचे. बाबांनी एकदा व्हिडिओ कॉलवर त्याला मला दाखवलं. बुटका, टक्कल पडलेला, हसला की डोळे गायब. त्याने मला विचारलं, "यू आर द बॉस ऑफ द कटिंग?" मी म्हटलं, येस. तो बाबांना म्हणाला, तुझ्या पोरीपासून जपून राहायला हवं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी शाळेतून आले तर काका सोफ्यावर बसला होता आणि त्याने चपला काढलेल्या नव्हत्या. आमच्याकडे चपला घालून कुणी आत येत नाही. मला आधी चपलाच दिसल्या.

बाबा जहाजाच्या पोटात उतरले होते. चौथ्या की पाचव्या पायरीवर पडले. लाकडाचे ओंडके होते.

त्यांना घरी यायला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांबद्दल मी लिहू शकते, मला आता लिहिता येतं, पण मला ते लिहायचं नाही.

त्यानंतर महिन्याभराने कंपनीचा अहवाल आला. अकरा पानं, इंग्रजीत. आईने तो टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि एका दमात वाचला. मग सातव्या पानावर परत आली. तिथे लिहिलं होतं की मुख्य अधिकाऱ्याने हवा तपासल्याशिवाय खाली न उतरण्याची स्पष्ट सूचना इंग्रजीत दिली होती. परंतु संबंधित खलाशाच्या इंग्रजीच्या मर्यादित आकलनामुळे ती त्याला समजली नाही.

विम्याचं काय ते काका बघत होता. आईने त्यात लक्षच घातलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या एका वाक्यावर. भाजी निवडताना ती ते वाक्य पुटपुटायची. कॉलेजात निघताना पायात एक चप्पल घालून थांबायची आणि म्हणायची, "मर्यादित आकलन. त्यांचं."

"आई, चल, उशीर होतोय."

"मी जन्मभर मुलांना काय शिकवलं गं मग?"

मला हवं होतं की कुणीतरी ते वाक्य खोडावं. बाबा परत येणार नाहीत हे मला कळत होतं, मी काही बाळ नव्हते. पण ते वाक्य खोडता येण्यासारखं होतं. ज्या देशाचा झेंडा जहाजावर होता त्या देशाची स्वतंत्र चौकशी होणार होती, ऑनलाइन, आणि आईला तिथे बोलायची संधी मिळणार होती. तारीख पडली बारा एप्रिल.

पाच एप्रिलला, दुपारी, आईच्या वर्गाच्या नंबरवर आवाजाचा एक मेसेज आला. ती कपडे वाळत घालत होती. मीच लावला. नेहमीसारखा नमुना असेल असं मला वाटलं, बाबांनी कधीतरी कुणाला सांगून ठेवलेला.

नऊ नंबर होता. त्याने आधी नाव सांगितलं. मग म्हणाला, "फॉर क्लास ओन्ली, मॅडम. प्लीज. फॉर क्लास ओन्ली." दोनदा म्हणाला. आजवर कुणी दोनदा म्हटलं नव्हतं.

पुढचं मी मराठीत सांगते, तो त्याच्या इंग्रजीत बोलला. तो म्हणाला, मी झाकणापाशी उभा होतो, सारंगच्या शेजारी. मीटर त्याआधी दोन महिने बिघडलेलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. मुख्य अधिकारी म्हणाला, खाली जा, बघून ये, बंदर जवळ आलंय. सारंग म्हणाला, आधी मीटर, सर. तो म्हणाला, मीटर नाहीये, तू जा. सारंग परत म्हणाला, आधी मीटर. मग तो म्हणाला, तू नाही जात तर मी याला पाठवतो, आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. सारंगने माझ्याकडे बघितलं. मग तो गेला.

इथे नुसती इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाला, माझा करार अजून पाच महिने आहे, मॅडम. मला तीन मुलं आहेत. मी कागदावर सही केलीय की मी काही पाहिलं नाही. पण तुम्ही शिक्षिका आहात. तुम्हाला माहीत असायला हवं की तो काय म्हणाला.

आई ओला टॉवेल हातात घेऊन दारात उभी होती. कधीपासून, मला कळलं नाही. टॉवेलाचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

"परत लावू?" मी विचारलं.

"नको."

"आई, हे पुरे आहे. हे दिलं की संपलं."

"त्याने काय म्हटलं सुरुवातीला?"

"ते तर सगळेच म्हणतात."

"त्याने काय म्हटलं, केतकी?"

"फक्त वर्गासाठी."

"मग," आई म्हणाली आणि टॉवेल वाळत घालायला परत गेली.

बारा तारखेला आईने पांढऱ्या काठाची निळी साडी नेसली, जी ती परीक्षेच्या पर्यवेक्षणाला नेसायची. तांदळाचा डबा, डब्यावर लॅपटॉप. मी शेजारी. आवाज लावायचं बटण तिला अजूनही सापडायचं नाही.

स्क्रीनवर तीन चौकोन, एक आईचा. चौकशी अधिकारी एक बाई होत्या, चांदीचे डूल, सावकाश बोलणाऱ्या. मी मनात दहा सेकंद मोजले: पश्चिम आफ्रिका, मग शिक्षण इंग्लंडात. दुसरा चौकोन कंपनीचे कॅप्टन सबनीस, मुंबईचं ऑफिस. ते मोजायला पाच सेकंदही लागले नाहीत: पुणे, मग समुद्र, मग एसी. ते सुरुवातीलाच आईला मराठीत म्हणाले, "वहिनी, फार वाईट झालं. माणूस सोन्यासारखा होता." आईने नुसती मान हलवली.

सबनीसांनी सातवं पान वाचून दाखवलं. बाईंनी आईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे?

"मला तुम्हाला माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकवायचा आहे," आई म्हणाली. तिने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर टकटक केली. मी एक नंबर लावला.

बाबा बोलू लागले. लाकूड, हवा, दोरी. फर्स्ट मीटर गो, देन मॅन गो. दोन महिन्यांनंतर त्यांचा आवाज पहिल्यांदा घरात आला आणि तो या लोकांसमोर आला. आईने डोळे मिटले नाहीत. संपल्यावर ती म्हणाली, "हा माणूस सूचना समजू शकत नव्हता, असं तुम्हाला वाटतं?"

चौकशी अधिकारी बाई काहीतरी लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, नाही, मला तसं वाटत नाही. आणि मला वाटलं, झालं, जिंकलो.

सबनीसांनी घसा साफ केला. "मॅडम, आम्ही हे मान्य करतो," ते इंग्रजीत म्हणाले. "समजण्याबद्दलचं वाक्य आम्ही मागे घेऊ. म्हणजे त्यांना नियम पूर्ण माहीत होता. माहीत असून ते मीटरशिवाय उतरले. मग अहवालात तसंच यायला हवं. जाणूनबुजून नियमभंग."

आईचा हात माझ्या गुडघ्यावरच होता. तिने तो उचलून टेबलावर ठेवला.

"त्यांना पाठवलं गेलं," आई म्हणाली.

"असं कोण म्हणतं?" सबनीस अगदी हळू म्हणाले. मग मराठीत, "वहिनी, तुमच्याकडे काही असेल तर सांगा. उगाच मनाला लावून घेऊ नका."

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे याला काही आधार आहे का?

आईने एकवीस, बावीस, तेवीस सेकंद काही म्हटलं नाही. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत मी मोजत होते. मग ती म्हणाली, "नाही."

मी हे सगळं आता शांतपणे लिहितेय. तेव्हा मी शांत नव्हते. माझ्यासमोर एक माणूस बसून बाबांना आधी ढ म्हणाला होता आणि मग मूर्ख. आणि माझ्या हाताखाली त्याचं उत्तर होतं. आणि मला काम येत होतं. मी फाईल उघडली, नाव आणि ते वाक्य जिथे संपतं तिथे कात्री लावली, डोकं डोक्यांच्या फोल्डरमध्ये टाकलं, धडाला तेवीस नंबर दिला. पंधरा सेकंद लागले असतील. आता हा कुणाचा आहे ते कुणाला कळणार नाही. मग मी बटण दाबलं.

मी झाकणापाशी उभा होतो, सारंगच्या शेजारी.

आईने माझं मनगट धरलं. मी माउस सोडला नाही. ती तेरा वर्षांच्या मुलीशी कॅमेऱ्यासमोर झटापट करू शकत नव्हती, आणि मला ते माहीत होतं. आवाज पुढे चालला. मीटर बिघडलेलं होतं. आधी मीटर, सर. तू जा. माझ्याकडे बोट केलं. मग तो गेला. तीन मुलं आणि करार यायच्या आधी मी थांबवलं. तेवढी मी हुशार होते.

चौकशी अधिकारी बाईंचं लिहिणं थांबलं होतं. "हे कोण बोलतंय?"

"मी सांगू शकत नाही," आई म्हणाली.

"मॅडम, हे महत्त्वाचं आहे."

"मी सांगू शकत नाही."

सबनीस पुढे झुकले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. वर्गात शबनमचा चेहरा व्हायचा तसा झाला होता, कान देऊन ऐकणारा. "सॉरी, आवाज नीट आला नाही," ते म्हणाले. "परत एकदा लावता का?"

आणि मी लावला. मला आनंद झाला होता. म्हटलं, ऐका, दोनदा ऐका.

दहा सेकंदांच्या आत त्यांनी मान मागे घेतली. "थँक यू, पुरे," ते म्हणाले. मग त्यांनी आपला आवाज बंद केला, खुर्ची वळवली आणि बाजूला बसलेल्या, आम्हाला न दिसणाऱ्या कुणाला तरी काहीतरी सांगितलं. दोन शब्द. ओठ हलताना दिसले.

सुनावणी संपली. चौकोन एकेक करून गेले. आईने लॅपटॉप मिटला.

"याचं डोकं कुठंय?" तिने विचारलं.

"कापलं. नेहमीसारखं. आई, नाव कुठेच नाहीये. नंबर पण नवीन दिलाय."

"केतकी, त्या जहाजावर फिलिपिन्सची माणसं किती?"

मी विचार केला. "तीन."

"कुठे कुठे?"

"एक इंजिनात. एक स्वयंपाकघरात." डेकवर एकच उरत होता, वाऱ्यात ओरडणारा.

आई ओरडली नाही. तिने तांदळाचा डबा उचलला आणि ओट्याखाली नेऊन ठेवला. खूप दिवसांनी तो जागेवर गेला.

अकरा दिवसांनी जहाजाच्या स्वयंपाकघरातून फर्नांडिसकाकांचा फोन आला. हे मडगावचे, नमुना चार. आईने स्पीकरवर ठेवला, मी ऐकावं म्हणून.

"वहिनी, त्याला उतरवलं. काल. सामान भरायला अर्धा तास दिला."

"करार बाकी होता ना त्याचा?"

"करार काय, म्हणाले कर्मचारी कमी करतोय. एकट्याला कमी केला. मनिलातल्या सगळ्या एजंटांकडे नाव गेलंय. हे असं एकदा झालं की मग कुणी घेत नाही. वय पण झालं त्याचं."

"तो काही म्हणाला?"

"तो काय म्हणणार? जाताना माझ्याशी हात मिळवला. मला विचारलं, शाळेतल्या कुणी सांगितलं का. मी म्हटलं, मला ठाऊक नाही." काकांचा आवाज खाली गेला. "मला ठाऊक नाही ना, वहिनी?"

आई माझ्याकडे बघत होती. "मी सांगितलं," ती फोनमध्ये म्हणाली. "माझ्याकडून गेलं."

"आई," मी म्हटलं.

तिने हात वर करून मला गप्प केलं.

चार महिन्यांनी चौकशीचा निकाल आला. त्या आवाजावरून त्यांनी मीटरचे दुरुस्तीचे कागद मागवले होते, आणि मीटर बिघडलेलं होतं हे त्यांत निघालं होतं. दोष मुख्य अधिकाऱ्याचा आणि कंपनीचा. बाबांबद्दल एक वाक्य होतं: सारंगने दोन वेळा योग्य इशारा दिला होता. काकाने त्या पानाची रंगीत प्रत काढून बाबांच्या फोटोखाली लावली आणि शेजारीपाजारी पेढे वाटले. आईने पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला.

मी नऊ नंबरला मेसेज केला होता. खूप केले. सॉरी, इंग्रजीत, मग मोठं पत्र, मग नुसता आमच्या माडाचा फोटो. सगळ्यांवर एकच करडी टिक. आजही एकच आहे. त्याचं नाव मला माहीत आहे, आईने त्या फोननंतर निळी वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि मोठ्याने वाचायला लावलं. ते मी इथे लिहीत नाही. एवढं तरी.

त्या फोननंतरच्या शनिवारी आईने वर्ग घेतला होता. शबनमने विचारलं, "मॅडम, आज दहा सेकंद नाही?"

"नाही. ते बंद केलं."

"पण मॅडम, मी त्यातच सगळ्यांत जास्त शिकले."

"माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणूनच."

वर्ग संपल्यावर तिने मला बोलावलं. एकापासून बावीसपर्यंत आणि तेवीस, सगळी धडं निवडली आणि पुसायचं बटण माझ्यापुढे केलं.

"एक नंबर नको," मी म्हटलं. "आई, तो बाबांचा आहे. त्यांचं तेवढंच आहे आपल्याकडे, दोन मिनिटं सलग."

"तोही वर्गासाठीच होता. मी तो बाहेर नेला. त्यांना विचारता येत नव्हतं तरी नेला."

"ते रागावले नसते."

"ते नसतेच रागावले," आई म्हणाली. "दाब."

मी दाबलं.

डोकी तिने पुसू दिली नाहीत. ती ठेवायची, म्हणाली. आता मी दहावीत आहे. शाळेच्या संमेलनात सूत्रसंचालन करते, माईक हातात आला की मला कुणी आवरू शकत नाही, आणि परवा बाई म्हणाल्या की केतकी भाटकरला आवाजाची देणगी आहे. घरी आल्यावर मी ते फोल्डर उघडलं. तेवीस तुकडे, प्रत्येकी सात-आठ सेकंद. घाना, युक्रेन, म्यानमार, मडगाव. एका मागोमाग एक तेवीस इंग्रजी, आणि सगळ्यांचं वाक्य एकच. शेवटचा तो, ज्यात दोनदा आहे.

मग मी परत पहिला लावला. बाबांना नेमून दिलेल्यापेक्षा जास्त बोलायची खोड होती. त्यात ते नाव सांगतात, ते वाक्य म्हणतात, आणि मग मराठीत, हसत, "काय गो केतके, एवढं कापणार ना तू? बघ हां. नीट बघून काप."

पुढे अर्धा श्वास आहे. तिथे मी कापलंय.